अर्धशुष्क मैदानी प्रदेशात वर्षभराच्या हवामानाची वही कशी ठेवावी

अर्धशुष्क मैदानी प्रदेशाच्या हवामानाविषयी विचारले की बहुतेक जण एकच आकडा सांगतात : वर्षाला अमुक इतके मिलिमीटर पाऊस. हा आकडा खोटा नसतो, पण तो फसवा असतो. एखाद्या वर्षी ५०० मिलिमीटर पाऊस चाळीस दिवसांत वाटून पडतो आणि जमिनीत मुरतो. दुसऱ्या एखाद्या वर्षी त्यातला निम्मा तीन दिवसांत कोसळून ओढ्यांतून वाहून जातो, मधले पाच आठवडे आभाळ नुसते हुलकावण्या देत राहते, आणि वर्षअखेरीची बेरीज मात्र तेवढीच भरते. म्हणून अशा प्रदेशात हवामानाची नोंद ठेवायची तर पडलेल्या पावसाइतक्याच काळजीने न पडलेल्या पावसाचीही नोंद ठेवावी लागते. ही वही कशी सुरू करावी, त्यात काय लिहावे आणि वर्षाच्या शेवटी त्यातून काय काढावे, हे पुढे सांगितले आहे.

सुरुवातीला आपला प्रदेश खरोखर अर्धशुष्क आहे का, हे पाहून घ्यावे. हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांच्या हवामान-वर्गीकरणात त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. वार्षिक सरासरी तापमानाला (अंश सेल्सिअस) २० ने गुणावे आणि वर्षातला ७० टक्के किंवा त्याहून अधिक पाऊस उन्हाळी सहामाहीत (उत्तर गोलार्धात एप्रिल ते सप्टेंबर) पडत असेल तर त्यात २८० मिळवावेत. पाऊस दोन्ही सहामाहींत बराचसा विभागलेला असेल तर १४० मिळवावेत, आणि तो मुख्यतः हिवाळी सहामाहीत पडत असेल तर काहीच मिळवू नये. सरासरी तापमान २६ अंश असलेल्या आणि उन्हाळी सहामाहीत पाऊस होणाऱ्या ठिकाणी हा आकडा ८०० येतो. तिथला वार्षिक पाऊस ८०० मिलिमीटरहून कमी, पण ४०० हून अधिक असेल, तर ते ठिकाण अर्धशुष्क. ४०० हूनही कमी असेल, तर वाळवंटी. थंड प्रदेशात हीच सीमा बरीच खाली येते, कारण तिथे उडून जाणारे पाणीच कमी असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची कसोटीही याच विचाराची आहे : वर्षाचा पाऊस आणि वर्षभरात हवा जास्तीत जास्त उडवू शकेल इतके पाणी यांचे गुणोत्तर ०.२ ते ०.५ यांच्यामध्ये आले, तर प्रदेश अर्धशुष्क. थोडक्यात, इथली हवा जमिनीकडे जेवढे पाणी मागते त्याच्या निम्मेसुद्धा आभाळ देत नाही. आफ्रिकेतील साहेल, दख्खनचा पर्जन्यछायेतील पट्टा, उत्तर अमेरिकेतील ग्रेट प्लेन्सचा पश्चिम भाग, मध्य आशियातील स्टेप ही गवताळ मैदाने या सगळ्यांची ही समान कथा आहे, ऋतूंचे महिने मात्र प्रत्येकाचे वेगळे. पुढील विवेचनात उन्हाळ्याअखेर पाऊस सुरू होणारे वर्ष गृहीत धरले आहे. आपल्याकडे क्रम वेगळा असल्यास तेवढा फेरफार करून घ्यावा.

वही कधी सुरू करावी

वहीचे वर्ष १ जानेवारीला सुरू करण्याचा मोह टाळावा. जमिनीतली ओल सर्वांत कमी असते तिथे पाण्याचे वर्ष संपते आणि नवे सुरू होते. अमेरिकेतील जलमापनाचे वर्ष याच कारणाने १ ऑक्टोबरला सुरू होते. आपल्या प्रदेशातला सर्वांत कोरडा काळ पाहून पहिल्या पावसाच्या साधारण एक-दीड महिना आधीची तारीख ठरवावी आणि ती पुन्हा बदलू नये. असे केल्याने एक पावसाळा आणि त्याच्यामागून येणारा कोरडा काळ एकाच वहीत राहतो. कॅलेंडरच्या वर्षात मात्र एका पावसाळ्याची शिल्लक ओल आणि पुढल्या पावसाळ्याची सुरुवात यांची सरमिसळ होते.

साधने : थोडी, पण नीट बसवलेली

सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे पर्जन्यमापक, आणि त्यात उपकरणापेक्षा जागेला अधिक महत्त्व आहे. भिंत, झाड किंवा शेड यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर तो ठेवावा, जमल्यास चौपट. मैदानी प्रदेशात वारा मोकाट असतो आणि उंच बसवलेल्या मापकाच्या तोंडावरून तो थेंब उडवून नेतो, म्हणून छपरावर मापक कधीही ठेवू नये. तयार मोजपट्टी नसल्यास हिशेब असा करावा. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे जमलेले ३१.४ मिलिलिटर पाणी हा १ मिलिमीटर पाऊस. व्यास १० सेंटिमीटर असेल तर ७.८५ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर. हा आकडा रंगाने मापकाच्या अंगावरच लिहून ठेवावा.

तापमानासाठी कमाल-किमान तापमापक घ्यावा आणि तो सावलीत, जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, चहूबाजूंनी हवा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत टांगावा. पेटीचे दार उत्तर गोलार्धात उत्तरेकडे ठेवावे, म्हणजे वाचन घेताना ऊन आत जात नाही. घराच्या भिंतीला खिळा ठोकून अडकवलेला तापमापक हवेचे नव्हे, भिंतीचे तापमान सांगतो. त्याच पेटीत शक्य असल्यास आणखी एक तापमापक, फुग्याला (खालच्या गोळीला) ओले मलमल गुंडाळलेला, ठेवावा. कोरड्या आणि ओल्या फुग्यांच्या वाचनांतला फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. मलमल दर आठवड्याला बदलावे. धुळीने कडक झालेले मलमल पाणी ओढत नाही आणि हवा प्रत्यक्षाहून दमट असल्याचे खोटेच सांगते.

स्वयंचलित केंद्र बसवले असेल तर त्यावर पूर्ण विसंबू नये. त्यातला लवंडणाऱ्या चमच्याचा पर्जन्यमापक मुसळधार पावसात कमी मोजतो, आणि कोरड्या काळात त्याच्या नळीत धूळ व कोळिष्टके साचून पहिला पाऊस मोजलाच जात नाही. पहिला पाऊस हीच तर इथली सर्वांत मोलाची नोंद. हाताने वाचायचा एक साधा मापक शेजारी असलाच पाहिजे.

रोजचे वाचन

वाचनाची वेळ एकच ठेवावी आणि ती सकाळची असावी. भारतीय हवामान विभागाची पावसाची वेळ सकाळी ८.३० आहे; तीच पाळल्यास आपली नोंद इतर नोंदींशी ताडून पाहता येते. सकाळी वाचलेला पाऊस आधीच्या चोवीस तासांचा असतो, पण तो वाचनाच्या तारखेपुढे लिहायचा की आदल्या, याचा निर्णय पहिल्याच दिवशी करावा आणि वहीच्या पहिल्या पानावर नोंदवावा. कमाल तापमान बहुधा आदल्या दुपारचे आणि किमान तापमान त्याच पहाटेचे असते, हेही तिथेच लिहावे.

वाचन करताना घाई करू नये. नरसाळे काढावे, त्यात अडकलेले पान किंवा कीटक बाजूला करावेत, पाणी मोजपात्रात शेवटच्या थेंबापर्यंत ओतावे. पात्र सपाट फळीवर ठेवून डोळे पाण्याच्या पातळीशी आणावेत. पाण्याची कड काचेला चढलेली दिसते आणि मध्यभाग किंचित खोलगट असतो. त्या खोलगट भागाची पातळी वाचावी, कडेची नव्हे. आकडा आधी लिहावा आणि पाणी मगच ओतून द्यावे. हा क्रम उलटला आणि आकड्याबद्दल शंका आली, तर पुन्हा मोजायला पाणी उरत नाही.

पाऊस नसेल त्या दिवशी ०.० लिहावे. हे मी आग्रहाने सांगतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत कोरड्या दिवसांच्या ओळी मी कोऱ्याच सोडल्या होत्या. वर्षअखेर पावसातले खंड मोजायला बसलो तेव्हा त्यातल्या कोणत्या ओळी खरोखर कोरड्या दिवसांच्या आणि कोणत्या मी गावाला गेल्यामुळे राहिलेल्या, हे मला कोणत्याही उपायाने ठरवता येईना, आणि त्या पावसाळ्यातला सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा होता हे कायमचे अनिश्चित राहिले. तेव्हा शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हता. कोरी ओळ म्हणजे पाहिलेच नाही. शिडकावा होऊन मापकात मोजण्याइतके पाणी जमले नसेल तर ‘लेश’ असे लिहावे. दोन-तीन दिवस वाचन चुकले तर जमलेले पाणी एकत्र लिहून त्या तारखांना कंस घालावा. अंदाजाने वाटणी करू नये.

आकड्यांच्या पुढे शेरा लिहिण्यासाठी रुंद जागा सोडावी. वाऱ्याची दिशा, ढगांची जात, दव, धुके, धूळ, वीज, गारा हे सर्व तिथे यावे. वाऱ्यासाठी यंत्र नसले तरी अडत नाही. वाऱ्याचा जोर डोळ्यांनी ठरवण्याच्या ब्यूफोर्ट श्रेणीत धूळ आणि सुटे कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, की चौथी पायरी, म्हणजे ताशी साधारण २० ते २८ किलोमीटर. मैदानात धूळ हेच वाऱ्याचे मापक असते.

उन्हाळा : कोरड्या उष्णतेचा काळ

या काळात पाऊस नसल्याने वही ओस वाटते, पण पुढील पावसाळा समजायला हीच पाने लागतात. जमिनीत ओल नसल्याने सूर्याची उष्णता पाणी उडवण्यात खर्च होत नाही. ती सरळ माती आणि हवा तापवण्यात जाते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने रात्री ही उष्णता तितक्याच वेगाने निघून जाते. म्हणून कमाल आणि किमान यांतला फरक रोज काढून वेगळ्या रकान्यात लिहावा. हा फरक एकाएकी आक्रसला, विशेषतः किमान तापमान चढले, तर हवेत बाष्प आले किंवा रात्री ढग होते असे समजावे. पावसाची चाहूल कमाल तापमानापेक्षा किमान तापमानाला अनेकदा आधी लागते, आणि ओल्या फुग्याचे वाचन याला दुजोरा देते.

वायुभारमापक असेल तर एक सावधगिरी बाळगावी. उष्ण कटिबंधात वायुभार रोज सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलने (हे वायुभाराचे एकक) उतरतो. दुपारची ही नेहमीची उतरण पाहून वादळाचे भाकीत करू नये. आजच्या चारच्या वाचनाची तुलना कालच्या चारच्या वाचनाशीच करावी.

बाष्पीभवनाचा अंदाज ठेवणेही याच काळात सुरू करावे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक तक्त्यानुसार उष्ण कटिबंधातील शुष्क व अर्धशुष्क भागात सरासरी तापमान ३० अंशांच्या वर असताना हवा हिरव्या गवताच्या आच्छादनातून दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी ओढून घेते. १० अंशांच्या आसपास हीच मागणी २ ते ४ मिलिमीटर असते. हे आकडे मनात असले म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या ४ मिलिमीटरच्या सरीचा आनंद किती टिकणार, हे लगेच कळते.

पहिली वादळे

पावसाळ्याच्या तोंडावर येणारी वळवाची वादळे ही नोंद करणाऱ्याची खरी कसोटी. दुपारपर्यंत हवा पडलेली असते, पान हलत नाही. मग क्षितिजाशी ढगांचे मनोरे उभे राहतात आणि त्यांच्या सपाट, काळ्या तळाखालून करड्या झिरमिळ्या लोंबताना दिसतात. त्या जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, कारण ढगाखालच्या कोरड्या हवेतच थेंब विरून जातात. पण ते विरणे वाया जात नाही : विरताना थेंब हवेची उष्णता शोषून घेतात, गार झालेली हवा जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणूनच पावसाआधी वारा येतो, त्याच्या पुढे धुळीची भिंत येते, आणि तापमापक काही मिनिटांत कित्येक अंशांनी उतरतो. अशा वेळी चार गोष्टी लिहाव्यात : वारा सुटल्याची वेळ, त्याआधीचे व नंतरचे तापमान, पहिला थेंब पडल्याची वेळ आणि पाऊस थांबल्याची वेळ. पाऊस ०.० राहिला तरी ही नोंद करावी. पुढच्या वर्षांत तुलनेला ती लागते.

विजेच्या बाबतीत मात्र नोंदीसाठी धोका पत्करू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर दहा किलोमीटरवर, म्हणजे तीस सेकंदांवर आले, की पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. उघड्या मैदानात मापकाजवळ उभा असलेला माणूस हाच परिसरातला सर्वांत उंच बिंदू असू शकतो.

या वादळांचा पाऊस किती तुटक असतो, याचे उदाहरण ग्रेट प्लेन्सच्या कडेवर, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात वसलेल्या फोर्ट कॉलिन्स या शहराने दिले. २८ जुलै १९९७ रोजी त्या शहराच्या एका भागात काही तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या भागांत तो बेताचाच झाला. त्या पुरात पाच माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, कोलोरॅडो हवामान केंद्राने नागरिकांच्या अंगणातल्या पर्जन्यमापकांचे जाळे उभारायला सुरुवात केली. जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा आपल्या जमिनीचा आकडा म्हणून लिहिणे का चुकीचे, हे यावरून स्पष्ट व्हावे. आपल्या मापकात जमलेले तेवढेच आपल्या वहीत यावे.

पावसाळा आणि त्यातले खंड

पावसाळा सुरू झाला हे केव्हा म्हणावे? पहिल्या जोरदार सरीला नव्हे. साहेलसाठी कृषिहवामान-संशोधक शिवकुमार यांनी १९८८ मध्ये मांडलेली कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते : लागोपाठ तीन दिवसांत मिळून किमान २० मिलिमीटर पाऊस व्हावा आणि पुढील तीस दिवसांत सात दिवसांहून मोठा खंड पडू नये. ही तारीख अर्थातच महिनाभर उलटल्यावर ठरते, त्यामुळे पेरणीच्या दिवशी तिचा उपयोग नाही. तिचा उपयोग वर्षांची तुलना करताना आहे, कारण ‘पाऊस लवकर आला’ आणि ‘पाऊस लवकर येऊन गेला’ यांतला फरक तिच्यामुळे उघड होतो.

प्रत्येक पावसानंतर जमीन पाहावी. मापकातला आकडा आभाळाने काय दिले ते सांगतो. जमिनीने काय घेतले ते सळईच सांगते. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी टोकदार सळई मातीत दाबावी. ओल्या मातीत ती सहज उतरते आणि कोरड्या थरापाशी अडते; ती खोली सेंटिमीटरमध्ये शेऱ्यात लिहावी. तासाभरात पडलेला ३० मिलिमीटर पाऊस आणि दिवसभर झड लागून पडलेला ३० मिलिमीटर पाऊस मापकाला सारखेच, पण सळईला मुळीच सारखे नसतात. जोराच्या थेंबांनी उघड्या मातीचा पृष्ठभाग ठोकून बसतो, वर पापुद्रा धरतो, आणि पुढचे पाणी आत शिरण्याऐवजी उतार शोधते. वाफसा कोणत्या दिवशी आला, हेही लिहावे : मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा, तो बोटाने ढकलल्यावर फुटावा आणि हाताला चिखल लागू नये.

उघडीप सुरू झाली की शेऱ्यात खंडाचा दिवस मोजत जावे : पहिला, दुसरा, तिसरा. इथे एक निर्णय करावा लागतो. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच भारतीय हवामान विभाग तो पावसाचा दिवस धरतो. १ मिलिमीटरच्या भुरभुरीने खंड मोडला असे मानल्यास वही आशादायक दिसेल आणि पीक मात्र वाळलेले असेल. २.५ ची सीमा पाळावी. खंडाच्या काळात आभाळ बहुधा रिकामे नसते. कापसासारखे ढग रोज दुपारी जमतात आणि संध्याकाळी विरतात. ते जमल्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि किमान तापमान लिहीत राहावे. मोठ्या खंडाचे चरित्र एकाच दिवशी कळत नाही, वीस दिवसांच्या ओळी एकाखाली एक पाहिल्या की कळते.

थंडीचे महिने

पाऊस सरल्यावर वारा दिशा बदलतो, आभाळ धुतल्यासारखे होते आणि रोजच्या तापमानातला फरक पुन्हा वाढतो. या काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, एक अपवाद वगळता. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड होते. त्यामुळे पेटीतला तापमापक २-३ अंश दाखवत असतानाही गवतावर हिमकण धरलेले सापडतात. एक किमान तापमापक गवताच्या उंचीवर आडवा ठेवून त्याचे वाचन वेगळे लिहावे. थंड हवा पाण्यासारखी सखल भागात उतरते, आणि सपाट दिसणाऱ्या मैदानातही दोन-तीन मीटरचा खोलगा तिला पुरतो. दव पडले की नाही हे रोज सकाळी पाहावे.

वर्षाचा हिशेब

वर्ष संपल्यावर बेरीज करावी, पण तिथे थांबू नये. पावसाचे दिवस किती, सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा आणि तो कोणत्या तारखांना, सर्वांत मोठ्या तीन पावसांनी एकूण पावसाचा किती भाग दिला, हंगामाची सुरुवात आणि शेवटचा २.५ मिलिमीटरचा दिवस कोणता, हे सारे एका पानावर मांडावे. मग आलेखाच्या कागदावर तारखेपुढे त्या दिवसापर्यंतची एकूण बेरीज अशी चढती रेषा काढावी. तिच्या उभ्या पायऱ्या म्हणजे मोठे पाऊस आणि आडव्या पट्ट्या म्हणजे खंड. दोन वर्षांच्या रेषा एकाच कागदावर वेगळ्या शाईने काढल्या की सारखी बेरीज असलेली वर्षे किती निराळी होती ते डोळ्यांना दिसते.

एका वर्षावरून सरासरी काढू नये. हवामानाच्या सरासरीसाठी तीस वर्षांची नोंद धरण्याची पद्धत आहे, आणि पाऊस जितका कमी तितका तो वर्षागणिक अधिक हेलकावतो; त्यामुळे अर्धशुष्क प्रदेशात दहा वर्षांची सरासरीही डळमळीत असते. पहिल्या वर्षाच्या वहीचे काम त्या वर्षाचे अचूक वर्णन करणे एवढेच आहे.

शेवटच्या पानावर साधनांची हकीकत लिहावी : मापक कुठे आहे, त्याच्या तोंडाचा व्यास किती, जवळचे झाड किती उंच आणि किती अंतरावर, पेटीला रंग केव्हा दिला, कोणता तापमापक केव्हा बदलला. झाड दरवर्षी वाढते आणि आठ-दहा वर्षांत ते मापकावर सावली व आडोसा धरू लागते. मापक हलवणे भागच पडले, तर नवा मापक नव्या जागी बसवून किमान एक संपूर्ण पावसाळा दोन्हींचे वाचन शेजारच्या रकान्यांत लिहावे आणि जुना मापक त्यानंतरच काढावा.